चौथी गोळी आणि ग्वाल्हेरचे पिस्तूल : गांधीहत्येतील मुद्देमालाच्या वादाची चिकित्सा

महात्मा गांधींच्या हत्येच्या तपासाविषयी अलीकडच्या काळात जे लिहिले आणि बोलले गेले, त्याचा मोठा भाग एकाच आकड्याभोवती फिरतो. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गोळ्या तीन झाडल्या गेल्या की चार? चार असतील तर चौथी कोणी झाडली? हा प्रश्न २०१७ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने तो निकालात काढला. तरीही तो मिटलेला नाही. व्याख्यानांतून, मोबाईलवरच्या चित्रफितींतून तो फिरतच आहे.

प्रस्तुत लेखात या वादाची चिकित्सा करावयाची आहे. माझे प्रतिपादन असे की, चौथ्या गोळीचा वाद ज्या त्रुटींवर उभा आहे त्या त्रुटी खऱ्या आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. उलट या खटल्याच्या भौतिक पुराव्यात जी साखळी खरोखरच अर्धवट राहिली, ती पिस्तुलाची होय. गोळ्या मोजण्याच्या नादात पिस्तूल कोठून आले हा प्रश्न मागे पडला आहे.

पांढुर्णा-सौंसर भागातील महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना हा विषय पुस्तकी वाटू नये, याला कारण आहे. आपल्याकडचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, पाठ्यपुस्तक हिंदीत वाचतो, आणि मुस्लिम घरातील असेल तर थोडी उर्दूही जाणतो. गांधीहत्येची कथा त्याच्यापर्यंत तीन-चार वाटांनी येते. एक वाट १९९८ साली रंगभूमीवर आलेल्या प्रदीप दळवी यांच्या नाटकाची आहे, एक गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकाची, आणि एक वडीलधाऱ्यांच्या आठवणींची. या भागात गांधींचे नाव परके नाही. अली बंधू १९१५ ते १९१९ या काळात छिंदवाड्यात स्थानबद्ध होते आणि जानेवारी १९२१ मध्ये गांधीजी स्वतः छिंदवाड्याला येऊन गेले होते. तेव्हा वर्गात 'सर, चौथी गोळी कोणाची?' असा प्रश्न आला, तर 'अभ्यासक्रमात नाही' असे म्हणून तो टाळता येत नाही.

प्रथम मुद्देमाल पाहू. फिर्याद तुघलक रोड पोलीस ठाण्यात नंदलाल मेहता यांच्या जबानीवरून नोंदविली गेली. हत्या पाच वाजून सतरा मिनिटांची. जबानी त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपासची. ही फिर्याद उर्दूत आहे. तेव्हाच्या दिल्ली पोलिसांची दफ्तरी भाषा तीच होती. (आपल्या मराठी पोलीस ठाण्यातील फिर्याद, मुद्देमाल, जबानी, पंचनामा, फरारी हे शब्द ज्या दफ्तरातून आले त्याच घराण्यातील ही भाषा आहे. उर्दू वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कागदाची प्रतिमा दाखवून वाचायला सांगावे. भाषांतराची मध्यस्थी न लागता तो एका ऐतिहासिक साधनापर्यंत पोचतो.) त्या फिर्यादीत गोळ्या तीन, आणि त्या दोन-तीन फुटांवरून झाडल्या, असे आहे. मारेकऱ्याकडून घेतलेले पिस्तूल इटालियन बनावटीचे, बेरेटा, ९ मिलिमीटर, क्रमांक ६०६८२४. त्याच्या खोबणीत सात काडतुसे बसतात. पिस्तुलात चार जिवंत काडतुसे उरलेली मिळाली. घटनास्थळी तीन रिकामी पुंगळी आणि दोन झाडलेल्या गोळ्या सापडल्या, आणि त्या याच पिस्तुलाच्या आहेत असे मत पंजाब पोलिसांच्या प्रयोगशाळेतील तज्ज्ञाने न्यायालयात दिले. तीन आणि चार मिळून सात, हा हिशेब जुळतो.

आता शरीरावरील खुणा. ३१ जानेवारीला सकाळी आयर्विन रुग्णालयाचे कर्नल तनेजा यांनी पार्थिवाची बाह्य तपासणी केली. गोळी आत शिरल्याच्या तीन जखमा आणि बाहेर पडल्याच्या दोन. दोन गोळ्या आरपार गेल्या, छातीत शिरलेली तिसरी शरीरात राहिली. शवविच्छेदन झाले नाही. त्याच दिवशी राजघाटावर अग्निसंस्कार झाला.

येथेच वादाला जागा मिळाली, आणि ती जागा पोलिसांनी व शासनानेच करून दिली हे मान्य केले पाहिजे. ज्या खुनाकडे सारे जग पाहत होते, त्या खुनात शवविच्छेदन नाही. शरीरातील गोळी रीतसर काढून मुद्देमालात आणलेली नाही. गोळीचा मार्ग अंदाजाने सांगितलेला. आजच्या एखाद्या साध्या तालुका न्यायालयातही बचावाचे वकील यावर तपास अधिकाऱ्याला घाम फोडतील. त्या दिवसाचा शोक, कुटुंबीयांच्या भावना, दर्शनासाठी लोटलेला लाखोंचा जमाव, ही कारणे माणूस म्हणून समजू शकतात. पुरावा म्हणून ती उणीव उणीवच राहते. चौथ्या गोळीवाल्यांची टिंगल करणारे काही लेखक ही उणीव सांगतच नाहीत. हा प्रामाणिकपणा नव्हे.

पण उणिवेतून काय निघते? सर्वोच्च न्यायालयातील याचिकाकर्ते, मुंबईच्या 'अभिनव भारत'चे डॉ. पंकज फडणीस, यांची मांडणी साधारण अशी होती: दुसऱ्या दिवशीच्या काही वृत्तपत्रांनी चार गोळ्यांचा उल्लेख केला, पार्थिवाच्या छायाचित्रात चार जखमा दिसतात, पिस्तुलात सातच काडतुसे मावतात आणि चार जिवंत मिळाली, म्हणून गोडसेने तीनच झाडल्या, म्हणून चौथी गोळी दुसऱ्या शस्त्रातून, दुसऱ्या माणसाने झाडली. त्यापुढे 'फोर्स १३६' या ब्रिटिश गुप्त यंत्रणेचे नाव जोडले गेले. न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमले. त्यांनी जुने दप्तर तपासून जानेवारी २०१८ मध्ये अहवाल दिला की गोळ्या, पिस्तूल, मारेकरी आणि कट या सर्वांची ओळख पटलेली आहे, फेरतपासाला आधार नाही. न्या. बोबडे व न्या. नागेश्वर राव यांच्या पीठाने याचिका फेटाळली.

न्यायालय 'नाही' म्हणाले एवढ्यावर अभ्यासकाने थांबू नये. ही मांडणी तिच्या स्वतःच्या पायरीवरच कोठे घसरते ते पाहावे. स्वयंचलित भरणाच्या पिस्तुलात खोबणीतील सात काडतुसांखेरीज एक काडतूस नळीच्या मागील घरात आधीच चढविलेले असू शकते. म्हणजे एकूण आठ. आता वादासाठी धरून चालू की चार गोळ्या झाडल्या गेल्या. चार झाडलेल्या आणि चार उरलेल्या, मिळून आठ. त्याच पिस्तुलाच्या क्षमतेत हा आकडा बसतो! फार तर एक पुंगळी त्या गर्दीत पायदळी हरवली असे मानावे लागेल. चौथी गोळी सिद्ध झाली तरी दुसरे पिस्तूल सिद्ध होत नाही. दुसरे पिस्तूल सिद्ध झाले तरी लंडन सिद्ध होत नाही. प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा हवा, आणि तो कोणत्याच पायरीवर नाही.

छायाचित्राचेही तेच. आत शिरल्याच्या तीन आणि बाहेर पडल्याच्या दोन, अशा पाच जखमा वैद्यकीय नोंदीत आहेत. पाहणारा माणूस भोके मोजतो, गोळ्या नव्हे. पाच भोकांपैकी कोणाला तीन दिसतील, कोणाला चार.

आणि साक्षीदार? पांढुर्ण्याच्या अध्यापकाला हे वेगळे समजवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये पळसाचा झेंडा. गोटमार संपल्यावर संध्याकाळी दोन्ही काठांवर विचारा: दगड कोणत्या बाजूने आधी आला, अमक्याला किती लागले, झेंडा कोणी आधी धरला? दवाखान्याच्या नोंदवहीतला आकडा आणि चौकातला आकडा कधी जुळतो काय? कोणी खोटे बोलत नसते. सारे तेथे होते, इतकेच. बिर्ला भवनातही मारेकऱ्याला प्रथम कोणी पकडले यावर एकमत नाही. अमेरिकी वृत्तांत वकिलातीतील हर्बर्ट रायनर यांचे नाव घेतात, आपल्याकडे माळी रघू याचे नाव घेतले जाते. जिथे माणसाबद्दल एकमत नाही, तिथे पहिल्या काही तासांच्या वृत्तांतातील गोळ्यांच्या आकड्यावर सत्तर वर्षांनंतर दुसरा मारेकरी उभा करणे हे इतिहासलेखन नव्हे.

असाच एक चौथ्या गोळीचा वाद अमेरिकेत झाला, आणि तो शिकविण्यास फार उपयुक्त आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६३ च्या हत्येबद्दल वॉरन आयोगाने १९६४ साली तीन गोळ्या आणि एक मारेकरी असा निष्कर्ष काढला. पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९७९ मध्ये एका पोलीस मोटारसायकलच्या उघड्या राहिलेल्या ध्वनिक्षेपकावरून झालेल्या मुद्रणाच्या आधारे सांगितले की चौथीही गोळी होती आणि ती दुसऱ्या दिशेने आली. तेथे निदान एक भौतिक वस्तू होती, एक ध्वनिपट्टी होती. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तीच पट्टी पुन्हा ऐकली. त्यात मागे कुजबुजल्यासारखा ऐकू येणारा एक पोलीस संदेश हत्येनंतर सुमारे एक मिनिटाने दिलेला होता, म्हणून ते आवाज गोळ्यांचे असू शकत नाहीत, असे त्यांनी दाखविले. ही विसंगती प्रथम लक्षात आणून देणारा ढोलवादक होता, शास्त्रज्ञ नव्हता! त्याच तपासात गोळ्यांच्या शिशाचे रासायनिक पृथक्करण निर्णायक मानले गेले होते. पण शिशावरून गोळी ओळखण्याची पद्धतच अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने २००५ साली बंद केली. तेव्हा प्रयोगशाळेचा शब्द अंतिम असा भोळा विश्वासही नको.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे पिस्तुलाकडे, येतो.

२० जानेवारी १९४८ चा पहिला प्रयत्न फसला. मदनलाल पहवा पकडला गेला, बाकीचे पळाले. त्या दिवशीची दोन रिव्हॉल्व्हरे भरवशाची नव्हती. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांनी मुंबईत दीक्षितजी महाराजांकडे हत्यार मागून पाहिले, मिळाले नाही. २७ जानेवारीला दोघे विमानाने दिल्लीस आले आणि रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेरला गेले. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, तेथे हिंदुत्ववादी पुढारी डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला आणि २८ जानेवारीला गंगाधर दंडवते याने जगदीशप्रसाद गोयल याच्याकडून हे बेरेटा पिस्तूल आणून दिले. हत्या त्यानंतर दोन दिवसांनी झाली.

गोडसेने न्यायालयात वेगळेच सांगितले. ग्वाल्हेरला आपण गेलो खरे, पण हत्यार मिळाले नाही. निराश होऊन दिल्लीला परतल्यावर निर्वासितांच्या छावणीत एका निर्वासिताकडून हे पिस्तूल विकत घेतले, असे त्याचे निवेदन होते.

पुराव्याविषयीचा खरा वाद हा आहे, आणि तो १९४८ सालीच न्यायालयासमोर होता. त्याचे महत्त्व कळण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाल किल्ल्यातील विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिलेल्या निकालावर गोडसेने अपील केले, ते खुनाच्या शिक्षेवर नव्हते. आपण खून केला हे त्याला मान्यच होते. त्याचे अपील कटाच्या निष्कर्षावर होते. 'मी एकट्याने केले' हा त्याचा पक्ष. पिस्तूल निनावी निर्वासिताकडून आले असेल तर कटाचा तेवढा धागा तुटतो. ते ग्वाल्हेरहून, नाव-गाव असलेल्या माणसांच्या हातांतून आले असेल, तर खुनामागे एक जाळे होते हे त्या लोखंडाच्या तुकड्यावरच कोरले जाते. निर्वासिताची कथा आणखीही एक काम करते. पंजाब-सिंधमधून लुटून आलेल्या माणसाचा संताप आणि नथुरामची गोळी यांना ती एकत्र बांधते. नाटकाला हे फार सोयीचे आहे.

न्या. आत्माचरण यांनी ग्वाल्हेरची हकीकत मानली आणि परचुरे यांना जन्मठेप दिली. परचुरे यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेरच्या दंडाधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब नंतर मागे घेतला होता. सिमल्यात पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, भंडारी, अच्छरूराम आणि खोसला यांनी, जून १९४९ मध्ये परचुरे व शंकर किस्तय्या यांना निर्दोष सोडले. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य असेल. संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे, आणि कोठडीतल्या कबुलीजबाबाविषयी न्यायालयाने कडक असावे हे आपल्या समाजाने तरी मनापासून मानले पाहिजे. मालेगाव असो वा अक्षरधाम, पोलिसांच्या कबुलीजबाबांवर उभे राहिलेले आणि पुढे कोसळलेले खटले आपण पाहिले आहेत. परचुरे यांना एक न्याय आणि आपल्या मुलांना दुसरा, असे मागता येत नाही.

परंतु न्यायालयाचा प्रश्न आणि इतिहासाचा प्रश्न एक नसतो. अमुक व्यक्ती संशयापलीकडे दोषी आहे काय, हा न्यायालयाचा प्रश्न. ही वस्तू कोठून कोठे गेली, हा इतिहासाचा. गोडसे पिस्तुलासह जागेवर पकडला गेला असल्याने त्याची फाशी पिस्तुलाच्या उगमावर अवलंबून नव्हती, म्हणून तो उगम शोधण्याची घाई कोणाला उरली नाही. गोयलच्या मागे साखळी जात नाही. त्यापलीकडे कथा आहेत: आफ्रिकेच्या आघाडीवर शरण आलेल्या इटालियन अधिकाऱ्याचे पिस्तूल ग्वाल्हेरच्या फौजेतील अधिकाऱ्याने आणले, वगैरे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी इटालियनांशी लढाई केली आणि लुटीची हत्यारे देशात आली, हे खरे. पण 'शक्य आहे' आणि 'सिद्ध आहे' यांत फरक आहे. मनोहर माळगावकर यांच्या १९७८ च्या 'द मेन हू किल्ड गांधी' या पुस्तकाची मोहिनी अशी की वाचताना हा फरक विसरायला होतो. ते पुस्तक मुलाखतींवर उभे आहे, आणि मुलाखती देणारे शिक्षा भोगून सुटलेले आरोपी व त्यांच्या भोवतीची माणसे होती. न्या. खोसला यांचे १९६३ चे पुस्तक न्यायाधीशाचे असल्याने संयत आहे. पण पिस्तुलाला त्यात फारशी जागा नाही. १९६६ साली न्या. जीवनलाल कपूर यांच्याकडे आलेल्या आणि १९६९ मध्ये अहवाल दिलेल्या आयोगाचा विषयच वेगळा होता: कटाची आगाऊ माहिती कोणाला होती आणि तिचे काय झाले.

म्हणजे ज्या प्रश्नाचे दप्तर ग्वाल्हेरात शोधता आले असते, तो तीन पुस्तकांच्या आणि एका आयोगाच्या मधून निसटला. आणि २०१७ मध्ये सर्व लक्ष गेले ते लंडनकडे. मला हे निव्वळ योगायोग वाटत नाही. निनावी निर्वासित काय आणि निनावी ब्रिटिश हस्तक काय, दोघांचेही काम एकच: ओळखीच्या माणसांवरून नजर हटविणे.

आपल्या वाचकांना त्या संध्याकाळची दुसरी बाजू सांगायला हवी. गोळ्या झाडल्यानंतरच्या पहिल्या तासात 'मारेकरी मुसलमान आहे' ही अफवा दिल्लीत पसरत होती. माउंटबॅटन बिर्ला भवनात पोचले तेव्हा गर्दीतून कोणीतरी तसे ओरडले आणि खात्री नसतानाही तो हिंदू असल्याचे त्यांनी ठणकावले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ऑल इंडिया रेडिओने सहाच्या बातमीत मारेकरी हिंदू असल्याचे स्पष्ट केले. त्या एका वाक्याने किती घरे वाचली असतील याचा हिशेब करता येणार नाही. लगेच पुढे नागपूर, पुणे, सातारा, कोल्हापूर भागांत निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जळाली, हेही त्याच पाठात शिकवावे. पहिल्या तासाची अफवा आणि सत्तराव्या वर्षीची याचिका यांच्यातले अंतर मोठे आहे. पण दोहोंत पुराव्याच्या रिकाम्या जागी आपल्याला हवा तो माणूस बसविला जातो.

आपल्या बाजूच्या लेखनातही हा दोष आहे. काही उर्दू-मराठी लेखांत ग्वाल्हेरच्या पिस्तुलावरून थेट संस्थानिकांपर्यंत, सैन्यापर्यंत, वाटेल तेथपर्यंत उडी मारलेली मी वाचली आहे. त्या उडीला चौथ्या गोळीइतकाच आधार आहे.

वर्गासाठी एक सूचना करतो. पांढुर्णा आणि सौंसर १९४८ साली मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूर. ग्वाल्हेर शिंद्यांचे संस्थान होते. १९५६ मध्ये ही सारी गावे एका राज्यात आली, २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यार्थ्यांना नकाशा देऊन २७ ते ३० जानेवारीचा प्रवास रेखाटायला सांगावे: मुंबई, दिल्ली, ग्वाल्हेर, पुन्हा दिल्ली. प्रत्येक टप्प्यापुढे तो कोणत्या कागदावरून कळतो ते लिहावे, आणि जेथे कागद नाही तेथे रकाना कोरा ठेवावा. २८ जानेवारीच्या रकान्यात गंगाधर दंडवते हे नाव येईल. त्याच्यासोबत गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा ही ग्वाल्हेरचीच आणखी दोन नावे आरोपपत्रात आहेत. तिघेही लाल किल्ल्यातील आरोपीच्या बाकावर कधी बसले नाहीत. निकालपत्रात त्यांच्या नावांपुढे 'फरारी' एवढीच नोंद आहे.